हे मूल कोणत्या पोटकलमात बसतं?

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ वाचताना तेराव्या कलमाशी खानदेशी वाचक थबकतो. सगळ्या देशासाठी केलेल्या या कायद्यात एका सणाचं नाव आहे. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी खुद्द जिल्हाधिकारी हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातील, असं संसदेनं लिहून ठेवलं आहे.

आमच्या पारोळ्यात या सणाला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके टांगले जातात, पुरुषमंडळी पत्त्यांचे डाव मांडतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं ते आखाजीलाच. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे लग्नासाठी पंचांग उघडायची गरज नाही. एका दिवशी इतके व्यवहार ठरवणारा दुसरा सण आमच्याकडे नाही, आणि त्यातल्या काही व्यवहारांत ज्याच्याबद्दल बोलणी होतात तो जीव अठरा वर्षांखालचा असतो. त्याला बैठकीत बसवलेलं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. धुळे जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होतं. पारोळा तालुका जळगाव जिल्ह्यातला, पण धुळ्याच्या शेजारचा; महामार्गानं धुळं जवळ आणि जिल्ह्याचं ठिकाण लांब. सोयरिकी जिल्ह्याची हद्द पाहून होत नाहीत. सरकारी अधिकार मात्र हद्द पाहूनच चालतात.

समजा, आखाजीच्या चार दिवस आधी १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन येतो. तालुक्यातल्या एका गावात, दहावीची परीक्षा दिलेल्या मुलीला परवा हळद लागणार आहे. फोन करणारी बहुधा तिची मैत्रीण, किंवा शाळेतल्या बाई. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि ठाण्यातले हवालदार त्या घरी जातात. गावपातळीवर ग्रामसेवक हेच कायद्यानं नेमलेले प्रतिबंधक अधिकारी आहेत. मंडपाचे बांबू रोवलेले असतात. बाप हात जोडतो, "साहेब, पत्रिका वाटून झाल्या, आता समाजात तोंड कसं दाखवू?" तासभर समजावणी होते. शेवटी 'मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न लावणार नाही' असं हमीपत्र लिहून, अंगठे-सह्या घेऊन सगळे परततात. पेपरात बातमी येते. पंधरा दिवसांनी तीच मुलगी पलीकडच्या तालुक्यात मावशीच्या अंगणात, वाजंत्री न लावता, उजवली जाते.

नियत कुणाचीच वाईट नव्हती. पण ते हमीपत्र मोडलं तर पुढे काय, हा प्रश्न त्या अंगणात कुणी विचारला नाही. आणि बालकल्याणाच्या कामात कायद्यानं विचार करणं म्हणजे आधी हाच प्रश्न विचारणं. उत्तर बालविवाह कायद्याच्याच दोन कलमांच्या फरकात आहे. तिसरं कलम सांगतं की बालविवाह आपोआप रद्द होत नाही. लग्नाच्या वेळी जी बालक होती तिनं जिल्हा न्यायालयात अर्ज करून तो रद्द करून घ्यायचा, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीनं विशी पूर्ण होण्याआधी. तोवर ते लग्न टिकून असतं. वीस वर्षांच्या आत, बहुधा एक लेकरू कडेवर असताना, सासरच्या घरातून वकील गाठणाऱ्या मुली किती असतील याचा अंदाज वाचकानंच बांधावा.

चौदावं कलम वेगळं आहे. तेराव्या कलमाखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी मनाईहुकूम दिला असेल आणि तो मोडून लग्न लावलं, तर ते पहिल्या क्षणापासून लग्नच नाही. रद्द करून मागायला कुणी जायचं नाही, मुदत मोजायची नाही. वर हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. पारोळ्यात तालुका न्यायालय आहे. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळू शकतो. अर्ज प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, तक्रार कुणीही देऊ शकतो आणि न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. शिवाय हुकूम माणसांवर बजावलेला असतो, मंडपावर नव्हे. मंडप मावशीच्या गावी हलवला तरी बाप, मामा आणि नवरदेवाचे वडील हुकुमाच्या कक्षेतच राहतात. हमीपत्र लिहून घेण्यात जेवढा वेळ जातो त्यापेक्षा या अर्जाला फार जास्त लागत नाही. तरीही हमीपत्रं भरमसाट आणि मनाईहुकूम विरळा, कारण हमीपत्रानं गावात कुणाशी वाकडं येत नाही.

दुसरा दरवाजा बाल कल्याण समितीचा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार जिल्ह्याजिल्ह्यात ही समिती असते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. सदस्य न्यायाधीश नसतात. ही माणसं मानसशास्त्र, समाजकार्य, कायदा अशा विषयांतली पदवीधर असतात, आणि आरोग्य, शिक्षण किंवा मुलांच्या कल्याणाच्या कामात सात वर्षं घालवलेली, नाहीतर आपल्या विषयात प्रत्यक्ष व्यवसाय करणारी. पण एकत्र बसल्यावर त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. आपल्या जिल्ह्याची समिती जळगावला बसते. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत तिच्यासमोर आणावं लागतं. पोलीस आणू शकतात, परिचारिका आणू शकते, शाळेतल्या बाई आणू शकतात, मूल स्वतःच्या पायानंही येऊ शकतं.

समितीसमोर पहिला प्रश्न 'मुलीचं काय करायचं' हा नसतो. पहिला प्रश्न: ही मुलगी 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे का? या व्याख्येची बारा पोटकलमं आहेत, आणि मूल त्यांपैकी एकात तरी बसल्याशिवाय समितीचा अधिकारच सुरू होत नाही. बारावं पोटकलम बालविवाहाचं. त्याचे तुकडे पाडून पाहिले पाहिजेत. विवाहाच्या वयाआधी लग्न होण्याचा धोका हवा. तो धोका तोंडावर आलेला हवा. आणि ते लग्न लावण्यास आई-वडील, घरचे किंवा अन्य कुणी जबाबदार ठरण्याची शक्यता हवी. आता प्रत्येक तुकड्यासमोर एकेक वस्तुस्थिती मांडायची. वयासमोर कागद. 'तोंडावर आलेला' यासमोर लग्नपत्रिका, मंडपवाल्याला दिलेली विसार रक्कम, हळदीची तारीख. 'जबाबदार' यासमोर पत्रिकेवरचं निमंत्रकाचं नाव. नुसती 'मुलगी पाहायला पाहुणे आले होते' एवढीच माहिती असेल तर धोका आहे, पण तो तोंडावर आलाय असं म्हणता येत नाही. मग मुलीला जळगावला उचलून नेणं चूक. घरी भेट देणं, शाळेशी बोलणं, लक्ष ठेवणं बरोबर.

वयाच्या कागदाशी थोडं थांबू, कारण निम्मी प्रकरणं तिथंच लटपटतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नं क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हा क्रम आपल्या मर्जीनं उलटा करता येत नाही. हाडांच्या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये जया माला प्रकरणातच नोंदवलं होतं. साडेसतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत दोन वर्षांची चूक म्हणजे तपासणी न केल्यासारखंच.

आणि आधार कार्ड? अंगणात बाप तेच पुढे करतो. त्यावर १ जानेवारी अशी तारीख असेल तर ती कशी पडली असेल हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात-भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलं की आधार ही ओळखीची खूण आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. त्या खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला गेला. पण जुलै २०२३ च्या पी. युवाप्रकाश खटल्यात त्याच न्यायालयानं शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश-नोंदवहीचा उतारा कलम ९४ च्या कसोटीला अपुरा ठरवला आणि आरोपी सुटला. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. एकीकडे मृताच्या वयावरून भरपाईची रक्कम ठरायची होती, दुसरीकडे एका माणसाची बरीच वर्षं तुरुंगात जाणार होती. एकाच जातीच्या कागदाकडून किती वजनाची अपेक्षा करायची, हे त्याच्यावर काय उभारणार आहोत यावर अवलंबून असतं. तालुक्यातल्या कार्यकर्त्यानं यातून घ्यायचं ते इतकंच: मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर न थांबता जन्मतारखेचं प्रमाणपत्र मागावं, बोर्डाचं प्रमाणपत्र असेल तर तेही, आणि ग्रामपंचायतीत जन्मनोंद शोधावी.

आता मुलगी समितीपुढे बसली आहे. हातातला सर्वांत सोपा आदेश: बालगृहात दाखल करा. लोक अजूनही त्याला 'रिमांड होम' म्हणतात आणि तिथं गेलेल्या पोरीच्या सोयरिकीचं पुढे काय होतं याची धास्ती बापाइतकीच मुलीलाही असते. कायदा संस्थेला शेवटचा उपाय म्हणतो. बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातल्या सोळा तत्त्वांपैकी ते एक तत्त्व आहे. म्हणजे संस्थेत पाठवायचं तर त्याआधीचे उपाय का पुरणार नाहीत हे सांगावं लागतं. इथं धोका कुणाकडून येतोय हे शोधणं महत्त्वाचं. बाप हट्टाला पेटलाय पण आईच्या मनात नाही, आणि मामा शिकवायला तयार आहे? मग मुलीला सांभाळायला मामा कायद्याच्या भाषेतली 'योग्य व्यक्ती' ठरू शकतो. पण सोयरीक मामानंच जमवली असेल तर? खानदेशात लग्नात मामाचं वजन किती असतं हे नव्यानं सांगायला नको. म्हणून मुलीला सगळ्यांपासून वेगळं बसवून विचारायचं. तिच्या वयाच्या आणि समजेच्या प्रमाणात तिच्या म्हणण्याला वजन द्यावं असं कायदा म्हणतो. ती 'मला लग्न करायचंय' म्हणाली तर समितीनं ते ऐकायचं, लिहून घ्यायचं. मान्य करायचं नाही, पण असं ती का म्हणते याचा शोध घ्यायचा. सोळाव्या वर्षी लग्न हवं असं सांगणाऱ्या मुलीच्या घरी काय चाललंय हे कधी कधी त्या एका उत्तरातून उलगडतं.

मुलीला पालकांकडेच, देखरेखीसह, परत पाठवणं हाही आदेश असतो. अटी घालता येतात: शाळेत नाव, दर महिन्याला बाल कल्याण अधिकाऱ्याची भेट, सोबत न्यायालयाचा मनाईहुकूम. माझ्या मते आखाजीच्या बहुतेक प्रकरणांत योग्य आदेश हाच. मनाईहुकूम आणि देखरेख असे दोन्ही कागद हातात असतील तर घर सुरक्षित होण्याची शक्यता बरीच वाढते. ते नसले की समितीला बालगृहाशिवाय काही सुचत नाही.

आखाजीचा दुसरा व्यवहार सालदारकीचा. पंधरा वर्षांचा मुलगा, बापानं वीस-पंचवीस हजारांची उचल घेतली आणि पोराला सालावर ठेवलं. 'बालकामगार' म्हणून धावत सुटण्याआधी थांबावं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं सरसकट बंद आहे, मुख्य अपवाद घरच्या उद्योगाचा. चौदा ते अठरा या वयाला मात्र फक्त धोकादायक कामांची बंदी आहे, आणि साधं शेतकाम त्यात येत नाही. या दरवाजातून गेलात तर परत फिरावं लागेल. उचल मात्र वेगळी गोष्ट आहे. कर्जाच्या मोबदल्यात माणूस बांधून घेणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७९ अठरा वर्षांखालच्या मुलाला कामासाठी बांधून ठेवणाऱ्याला किंवा त्याची कमाई अडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. मूल तेच, शेत तेच. वहीतली उचलीची ओळ सापडली की प्रकरण उभं राहतं.

कायद्याच्या तुकड्यांसमोर वस्तुस्थिती मांडली नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, भुसावळच्या फलाटावर घडलं. ३० मे २०२३. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली आठ ते सतरा वर्षांची ५९ मुलं मदरशात शिकण्यासाठी सांगलीकडे निघाली होती. मुलांची तस्करी होत असल्याची खबर रेल्वे सुरक्षा दलाला मिळाली. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं भुसावळ आणि मनमाड इथं मुलांना उतरवलं गेलं. सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुलं बारा दिवस आश्रयगृहांत राहिली; पालकांनी आक्रोश केल्यावर त्यांना बिहारला पाठवलं गेलं. अटक झालेले सुमारे महिनाभर कोठडीत होते. मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी दोन्ही गुन्हे बंद केले; नोंद गैरसमजातून झाली होती, असं त्यांनीच म्हटलं.

गाडी थांबवणं मला चूक वाटत नाही. इतकी मुलं, आई-बाप सोबत नाहीत, मोठ्यांकडे पुरेसे कागद नाहीत. चौकशी करायला एवढा संशय पुरतो, आणि चौकशी न करणाऱ्या अधिकाऱ्याला मी भित्रा म्हणेन. पण संशयानं फक्त चौकशीचं दार उघडतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० चे तीन घटक होते: एखाद्याला नेणं-ठेवणं-सोपवणं, त्यासाठी धाक, फसवणूक, आमिष असं काही साधन वापरणं, आणि शोषणाचा हेतू. मुलांना नेलं जात होतं, हे उघड. साधन? हेतू? शिकायला पाठवणं शोषणाच्या व्याख्येत नाही. या दोन रिकाम्या जागा भरायला पालकांना केलेले फोन, मदरशाच्या हजेरीवह्या आणि अररियातल्या बाल कल्याण समितीशी एक संपर्क, एवढं पाहिजे होतं. मूल बाहेरच्या जिल्ह्याचं असेल तर त्याच्या घरच्या जिल्ह्यातल्या समितीशी सल्लामसलत करून, हिताचं असेल तर शक्य तितक्या लवकर तिकडे पाठवावं, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम ९५ सांगतं. पहिल्या संध्याकाळी जे रास्त होतं ते बाराव्या दिवशी रास्त ठरवायला नवं कारण लागतं.

शिकण्यासाठी मूल घरापासून दूर पाठवणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत आणि तिथल्या छात्रालयातली मुलं सांभाळत. खेड्यातून आलेली, वार लावून जेवलेली मुलं आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी सापडतील. त्यांच्याजवळ कुठलं संमतिपत्र होतं? टोपी आणि भाषा ओळखीची असली की प्रवास शिक्षणाचा दिसतो, अनोळखी असली की तस्करीचा. घटक मोजायची सवय असेल तर निदान हा फरक आपल्या हातून होतोय हे लक्षात तरी येतं.

गरिबीचं प्रकरण याहून नेहमीचं. कापूस बुडाला, नवरा गेला, दोन लेकरांना घेऊन विधवा आई स्वतःच समितीकडे येते: "यांना ठेवून घ्या, निदान शाळा होईल." ठेवून घेणं दयेचं वाटतं. पण आई पोसायला असमर्थ आहे आणि आई सांभाळायला अपात्र आहे या दोन वेगळ्या गोष्टी. केवळ गरिबीमुळे मुलाला घरापासून तोडू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे; दरमहा २,२५० रुपये. रक्कम फार नाही. पण समितीच्या आदेशानं ती सुरू झाली तर लेकरं आईजवळ झोपतात.

समितीचे आदेश वाचायला मिळाले तर एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटेल: 'बालकाच्या सर्वोत्तम हितासाठी बालगृहात दाखल करण्यात येत आहे.' सर्वोत्तम हित हे तत्त्व आहे, कारण नव्हे. ते कुठल्याही आदेशाखाली खपतं, अगदी उलट्या आदेशाखालीसुद्धा. आदेश असा हवा: 'शाळेच्या प्रमाणपत्रानुसार मुलगी सोळा वर्षं चार महिन्यांची. पत्रिका आणि आईचा जबाब पाहता विवाह तीन दिवसांवर होता, म्हणून पोटकलम बारा लागू. वडिलांनी मनाईहुकूम स्वीकारला; आई विवाहाच्या विरोधात; मुलगी एकांतात म्हणाली की तिला अकरावीला जायचंय आणि घरी राहायचंय. संस्थेत पाठवण्याची गरज आढळत नाही. देखरेखीसह आईच्या ताब्यात.' एवढं लिहायला कायद्याची पदवी लागत नाही.

समितीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. बापालाही, मुलीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या आत्यालाही. अपील ऐकणारे न्यायाधीश त्या घरी कधी गेलेले नसतात, मंडपाचे बांबू त्यांनी पाहिलेले नसतात. त्यांच्यासमोर असतो फक्त तो कागद, आणि त्यावर 'सर्वोत्तम हित' एवढंच असेल तर प्रकरण फेरविचारासाठी समितीकडे परत पाठवण्यावाचून त्यांच्या हाती फारसं काही उरत नाही. तोवर मुलगी जिथं ठेवली आहे तिथंच असते.